मानपुरचा वर्ग

नानांना खरं काय ते सांगून टाकायचं, हे उन्मेषने दिवाळीतच ठरवलं होतं. मग म्हणाला, संक्रांतीला सांगू. संक्रांत गेली, होळी गेली, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघून रस्ते धुऊनसुद्धा झाले, एप्रिलचं ऊन तापायला लागलं, तरी हा गडी आपला गप्प. चांगला पस्तीस वर्षांचा इंजिनिअर, ऑफिसात चार जणांवर आवाज चढवणारा. पण बापापुढे तोंड उघडायची वेळ आली की ह्याचं सगळं अवसान गळायचं.

सांगायचं होतं ते एवढंच, की नाना, तुम्ही आठ महिने रोज सकाळी दहा वाजता ज्या वर्गाला शिकवताय ना, तो वर्ग नाहीच आहे.

आता हे असं झालं कसं, ते ऐका. उन्मेष आणि त्याची बायको यशोधरा, दोघांनी मिळून एक वेबवरची वही बनवली होती. सहवही तिचं नाव. शिक्षकाने पानावर धडा लिहायचा, मुलांनी आपापल्या घरी बसून त्याच पानावर खाली उत्तरं लिहायची. कोण लिहितंय, कोण थांबलंय, ते सगळ्यांना दिसायचं. इंदूरच्या एका मराठी संस्थेला ही कल्पना आवडली. माळव्यात गावोगाव विखुरलेली मराठी घरं आहेत. पोरं शाळेत इंग्रजी शिकतात, घरी हिंदी बोलतात, आणि मराठी ऐकतात ती फक्त आजी फोनवर आली की. अशा मुलांना ह्या वहीतून मराठी शिकवावं, असं संस्थेच्या मनात होतं. पण संस्था म्हणाली, आधी चालू वर्ग दाखवा.

कोरी वही काय दाखवणार? मग ह्या धंद्यात सगळेच करतात तेच उन्मेषने केलं. खोटी मुलं बनवली. मावसबहिणीच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी लॅपटॉपमध्ये पडली होती, तिच्यातली नावं उचलली. गावाच्या रकान्यात काय घालायचं? आदल्याच दिवशी महूच्या पुढे, मानपुरला, बसस्टँडजवळ त्याची गाडी पंक्चर झाली होती. त्याने पहिल्या ओळीत ‘बसस्टँडजवळ, मानपुर’ लिहिलं आणि माउसने धरून खाली ओढलं. चोवीसच्या चोवीस मुलं एका झटक्यात मानपुरची झाली. मग नवराबायकोने दोन संध्याकाळी बसून मुलांच्या तोंडची तीनशे वाक्यं रचली, चुकांसकट, आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. रोज दहाला तो ती वाक्यं उचलायचा आणि ह्या ना त्या मुलाच्या नावाने पानावर टाकायचा.

शिक्षकाची बाजू तपासायला कोणीतरी हवं होतं, आणि घरात नाना होते. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. ते रिटायर झाले त्याच वर्षी शाळेचा मराठी विभाग बंद पडला, कारण शेवटी सहा मुलं उरली होती. त्यानंतर तीन वर्षांनी उन्मेषची आई गेली, आणि नाना छत्रीबागेतल्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली तरी तीनदा मारावी लागायची.

“नाना, जरा शिक्षक म्हणून वापरून बघता का? काही अडतंय का ते सांगा,” उन्मेष म्हणाला.

“मुलं कुठली?”

उन्मेषची नजर स्क्रीनवर होती. तो म्हणाला, “मानपुरची.”

बस. एवढ्या एका शब्दावर सगळं उभं राहिलं. खोटं बोलायचं म्हणून तो बोलला नव्हता, घाईत होता. पण मागाहून दुरुस्तही केलं नाही, आणि ते मात्र घाईत नव्हतं.

“चोवीस!” नाना दोन दिवस हेच म्हणत होते. “अरे, इंदुरात सहा उरली होती, आणि मानपुरला चोवीस! होळकरांच्या फौजेतली घरं असणार ती. पवार आहेत, जगताप आहेत. टिकवलंय हं लोकांनी.” तिसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन आले, पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. कंप्युटरवर हजेरी आपोआप लागते, असं यशोधराने सांगून बघितलं. नाना म्हणाले, लागू दे, माझी मी लावीन.

तेव्हापासून रोज आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि दहाच्या ठोक्याला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. गंमत बघा, नानांचे धडे बघून दोघं अधूनमधून नवी वाक्यं भरायची आणि कुठलं वाक्य कोणाला जाईल ते प्रोग्राम डोळे मिटून ठरवायचा. पण नानांना त्यात एकेक मूल दिसायला लागलं. देवांश धांदरट आहे म्हणायचे. मानसच्या डोक्यात सारखं खाणं. “आणि रघुवीर! आजच्या काळात रघुवीर! नावंसुद्धा जपलीत रे ह्यांनी,” असं ते पोह्यांवर शेव घालता घालता सांगायचे, तेव्हा उन्मेष मान खाली घालून पोहे संपवायचा. रघुवीर हे त्याच्या मावसबहिणीच्या सासऱ्यांचं नाव होतं.

“तू सांगून टाक यार,” यशोधरा म्हणायची. “जितके दिवस जातील तितकं कठीण होईल, समझ ना.”

“बघ ना किती खूश आहेत. बीपीची गोळीपण अर्धी झाली.”

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. नानांनी मुलांच्या उत्तरांवर लाल अक्षरांत लिहिलेले शेरे पानावर इतके शोभायचे, की दाखवायला तेच पान सगळ्यात बेस्ट होतं. हे उन्मेषला ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. लाज वाटून माणूस सुधारतोच असं थोडंच आहे.

मग संस्थेने मीटिंगची तारीख दिली. शुक्रवार, सकाळी अकरा. सगळी मुलं शहाण्यासारखी उत्तरं लिहितायत, हे दाखवून भागत नसतं. कोणीतरी मागे पडतंय आणि आपलं टूल ते पकडतंय, हे दाखवावं लागतं. म्हणून एका मुलीची गळती दाखवायचं ठरलं. वर्गाच्या यादीतलं शेवटचं नाव घेतलं, चोवीस नंबर, मधुरिमा पवार. यशोधराने तिच्यासाठी तीन वाक्यं लिहिली. पहिल्या दिवशी, ‘आज उशीर झाला.’ दुसऱ्या दिवशी, ‘घरी काम होतं.’ तिसऱ्या दिवशी, ‘सर, आता मला जमणार नाही.’ आणि त्यानंतर काहीच नाही.

तीन दिवस काही आलं नाही की शिक्षकाच्या पानावर लाल पट्टी यायची: मधुरिमा पवार तीन दिवस गैरहजर. प्रत्यक्ष भेट घ्या. खाली एक बटन, ‘भेट झाली’. ते दाबेपर्यंत पट्टी हलायची नाही, आणि रोज संध्याकाळी पाचला मोबाईलवर आठवण यायची. उन्मेषला ह्या पट्टीचा फार अभिमान होता. कल्पना नानांचीच होती. तो लहान असताना वर्गातलं कोणी तीन दिवस आलं नाही की चौथ्या दिवशी नाना शाळा सुटल्यावर सायकल काढायचे, ते थेट त्या पोराच्या दारात. बापाची सवय त्याने टूलमध्ये घातली, आणि त्या सवयीचा मालक आपल्याच घरात रोज ते पान उघडून बसतो, हे साफ विसरला. यायला नको का लक्षात? पण नाही आलं.

सोमवारी दुपारी नानांनी ताट पुढे सरकवलं. “उन्मेष, मधुरिमाचं काहीतरी बिनसलंय.”

“कोण मधुरिमा?” हे उन्मेषच्या तोंडून निघून गेलं.

“माझी चोवीस नंबरची. पवारांची. बारा वर्षांची पोर लिहिते, ‘आता मला जमणार नाही’. हे मुलीचं वाक्य नाही रे. तिच्या घरच्यांचं आहे. तिला काढतायत.” नाना उठून उभे राहिले. “मी मानपुरला जाऊन येतो.”

“ह्या उन्हात? लू चाललीये नाना. मी फोन करतो ना त्यांच्या घरी.”

संध्याकाळी नाना दारातच उभे होते. लागला का फोन? नाही लागत नाना. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी नाना कोणाला न सांगता ई-रिक्षाने खजरान्याच्या गणपतीला गेले आणि घामाने भिजून परत आले. देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक उलटा स्वस्तिक काढून नवस बोलतात, आणि नवस फळला की जाऊन सरळ काढतात. आई हयातभर ते करायची आणि नाना तिची थट्टा करायचे. “आज मीच उलटा काढून आलो,” ते यशोधराला म्हणाले. “पोरगी परत वर्गात येऊ दे, दुसरं काय मागणार.” यशोधरा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गुरुवारी ऑफिसात तिने खुर्ची ओढून उन्मेषसमोर मांडली. “आता बास. आज सांग. नाहीतर मी सांगते.”

“उद्या मीटिंग आहे यशू. आज सांगितलं तर उद्या ते लिहितील का काही? शनिवारी सांगतो. शपथ.”

“आणि तोपर्यंत ते झुरत बसणार?”

उन्मेषने लॅपटॉप पुढे ओढला. त्याने मधुरिमा पवारच्या नावाने लॉगिन केलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘सर, मी आले.’

दोन सेकंदांत खाली अक्षरं उमटली, नाना लिहीत आहेत. “शाबास पोरी! कुठे होतीस?” उन्मेषने लिहिलं, ‘आजारी होते सर.’ पुन्हा, नाना लिहीत आहेत. “बरी आहेस ना आता? राहिलेलं लिहायची घाई करू नको. मी आहे.” उन्मेषने लॅपटॉप बंद केला. यशोधरा त्याच्याकडे बघत होती. “हे तू फार वाईट केलंस,” एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी नाना इतके बोलले, की आई गेल्यापासून बोलले नसतील. पट्टी मात्र लालच होती. ती उन्मेषला आतून काढता आली असती. पण शुक्रवारी दाखवायला लालच हवी होती.

“दाबून टाका ना ते बटन. आली ना पोरगी,” तो म्हणाला.

“न भेटता ‘भेट झाली’ म्हणू? चाळीस वर्षांत हजेरीत खोटं लिहिलं नाही मी.” नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तूच केलंस ना रे हे? चांगलं केलंस. मास्तरला उठून जायला लावतं.”

इथे तरी त्याने बोलायला हवं होतं. शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण तो “हो नाना” म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

शुक्रवारी अकराला संस्थेच्या हॉलमध्ये भिंतीवर ते पान झळकलं. लाल पट्टी, त्याखाली ‘सर, मी आले’, त्याखाली नानांचं ‘मी आहे’. उन्मेषने कुठेही ही मुलं खरी आहेत असं म्हटलं नाही. नाहीत, असंही म्हटलं नाही. संस्थेच्या अध्यक्षाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. “ह्या एका मुलीसाठीसुद्धा हे करायला पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि टेबलाभोवती सगळ्यांनी माना हलवल्या. काम मिळालं होतं. दोन वर्षं ज्यासाठी जीव काढला ते मिळालं होतं, आणि उन्मेषला त्या भिंतीकडे बघवत नव्हतं.

“पण आजच्या पानावर सरांचं काही दिसत नाही?” कोणीतरी विचारलं.

उन्मेषने बघितलं. साडेअकरा वाजून गेले होते आणि धड्याची जागा कोरी होती. खाली मुलांनी मात्र वेळेवर उत्तरं लिहिली होती, न दिलेल्या धड्याची. सकाळी घरून निघताना नाना दिसले नव्हते, फिरायला गेले असतील असं त्याला वाटलं होतं. तेवढ्यात फोन थरथरला, अनोळखी नंबर.

“भिया, मानपुर से बोल रिया हूँ, बसस्टँड के पास अपनी पंक्चर की दुकान है. आपके पिताजी यहाँ बैठे हैं. सुबे से घर-घर पूछ रिये थे, फिर चक्कर आ गया. पानी-वानी पिला दिया है. ले जाओ आके.”

महू मागे टाकून तो मानपुरला पोचेपर्यंत एक वाजला होता. तेच दुकान. आठ महिन्यांपूर्वी ह्याच माणसाने त्याच्या गाडीचं पंक्चर काढलं होतं. नाना बाकड्यावर बसले होते, इस्त्रीच्या शर्टावर धूळ, मांडीवर पिशवी. पिशवीतून रजिस्टरची लाल पाठ आणि नव्याकोऱ्या कंपासपेटीचा डबा दिसत होता. बक्षीस आणलं होतं तिला. नाना त्याला बघून उठले आणि गाडीत बसले. लाज वाटण्यासारखं जे काही होतं ते त्यांनीच केलंय, असा त्यांचा चेहरा होता.

गाडी हायवेला लागल्यावर ते बोलायला लागले. “पवारांची दोन घरं आहेत. दोघांकडे मधुरिमा नाही. म्हटलं, देवांशला विचारू, त्याला माहीत असेल. तर देवांशही कोणाला ठाऊक नाही. एवढ्याशा गावात चोवीस पोरं, आणि एकही कोणाला माहीत नसावं? माझ्या डोक्यात तर काही झालं नाही ना रे, उन्मेष? खरं सांग. वय झालंय माझं.”

बाप स्वतःच्या डोक्यावर शंका घेतोय, हे मात्र उन्मेषला सहन झालं नाही. “तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही नाना,” तो म्हणाला. “ती मुलगी नाहीच आहे. मतलब, कधी नव्हतीच. दाखवायला बनवली होती. आम्ही बनवली. सॉरी नाना.”

ट्रक गेले, एक टोलनाका गेला. मग नानांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

“अरविंद?”

उन्मेषला आधी कळलंच नाही.

“अरविंद जगताप. आहे?”

“नाही नाना.”

“देवांश?”

“नाना, प्लीज.”

“देवांश आहे का, एवढं सांग.”

“नाही.”

“मंजुषा?”

“नाही.”

“मानस? आंबे खाऊन पोट दुखलं म्हणून लिहीत होता.”

“ते यशोधराने लिहिलं होतं.”

नाना एकही नाव गाळत नव्हते. प्रत्येक नाव घेऊन थांबायचे, वर्गात थांबतात तेवढंच, पोराला ‘हजर’ म्हणायला वेळ मिळावा इतकं. उन्मेषला गाडी चालवायची होती आणि समोरचं धूसर दिसत होतं. रघुवीर. नाही. शैलजा. नाही. तेविसापर्यंत तो नाही म्हणत गेला, आणि दर ‘नाही’बरोबर नानांचा आवाज थोडा थोडा बसत गेला.

“चोवीस, मधुरिमा. तिचं सांगितलंस तू.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “मग काल ‘सर, मी आले’ कोणी लिहिलं?”

“मी.”

“तू.”

“हो नाना.”

“पहाटे खजरान्याला जाऊन स्वस्तिक सरळ करून आलो मी,” नाना म्हणाले. “मग बस पकडली.”

इंदूरमध्ये शिरताना गर्दी लागली. एका सिग्नलला दहा-दहा मिनिटं जात होती. राजवाड्यापाशी आले तेव्हा नानांचा मोबाईल वाजला. पाच वाजले असतील, असं उन्मेषच्या मनात आलं, पण बघितलं तर तीनसुद्धा नव्हते. मग आठवलं, आजचा धडा लिहिला गेला नाही म्हणून आठवण लवकर आली होती. तेही त्यानेच घालून ठेवलं होतं. नानांनी मोबाईल चष्म्याजवळ धरून वाचलं. मधुरिमा पवार. प्रत्यक्ष भेट घ्या.

त्यांनी मान वळवून उन्मेषकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं, नवीन आलेल्या मुलाकडे बघावं तसं. मग अंगठ्याने ते बटन दाबलं.

“झाली भेट,” ते म्हणाले, आणि कंपासपेटीचा डबा त्यांनी गिअरपाशी ठेवून दिला.